गोदूकाकू आणि गंगापारचं इस्पितळ

चैत्र वद्य पंचमी होती आणि सकाळपासून पछवा, म्हणजे पश्चिमेची गरम हवा, सुटली होती. काशीतल्या आमच्या दुर्गाघाटावरच्या धर्मार्थ दवाखान्यातली गोष्ट सांगतो. तिथं गरिबांना औषध फुकट मिळे.

शेजारच्या गोदूकाकू वाईहून काशीवासाला आलेल्या, एकट्या, अन्नछत्रात जेवणाऱ्या. आठवडाभर तापाने फणफणत होत्या, म्हणून मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर आपल्यातलेच, मराठी, पण काशीत जन्मलेले. त्यांनी क्विनाइनची बाटली पुढे केली, तर काकूंनी तोंड फिरवलं.

"मी इथं मरायला आलेय रे. बरी होऊन काय करू? काशीत मेले की सुटले."

"मरा की काकू, कोण रोकतंय!" डॉक्टर म्हणाले. "पण औषध न घेणाऱ्याला शहरात ठेवायचं नाही, असा साहेबाचा हुकूम आहे. उद्या नावेतून गंगापारच्या इस्पितळात पाठवतो."

"पार? अरे मेल्या, त्या काठावर मेलं तर गाढवाचा जन्म येतो!"

"ते हुकमात लिहिलेलं नाही."

काकूंनी डोळे मिटून कडू घोट घेतला आणि बाटली पदराखाली धरून बाहेर गेल्या.

मी मागे थांबून विचारलं, "डॉक्टर, पारला इस्पितळ कधी झालं? तिथं तर नुसती वाळू आणि टरबुजाच्या वाड्या."

"हळू बोला. आधी बाटली संपू द्या."

बाटली संपली आणि ताप उतरला. काकू पुढे अकरा वर्षं जगल्या आणि दुर्गाघाटावरच्या आपल्या खोलीत वारल्या.