पेपराआधीचा झगा

शिवलिंग आता म्हातारा झालाय, पण झग्याचं नाव काढलं की अजून मला मारायला उठतो. म्हणून तर मी मुद्दाम काढतो. ते दिवस परत आल्यासारखे वाटतात.

आमच्या मन्नाएखेळ्ळीचा हा गडी गुलबर्ग्याला बीएला होता, इंग्रजी घेऊन. घरी मराठी, दुकानात कन्नड, बाजारात दखनी झाडायचा. इंग्रजीपुढं मात्र बोबडी वळायची. शेवटच्या वर्षी मी त्याला फोटोवाल्याकडं नेलं. तिथं पदवीचा काळा झगा भाड्यानं मिळायचा.

"आरं, इंग्रजीचा पेपर ऱ्हायलाय अजून."

"झगा कुठं मार्क विचारायलाय?" म्हणत मी तो त्याच्या अंगात घातलाच.

फोटो मी गावातल्या हॉटेलात टांगला. त्याच्या वडलांनी, अप्पांनी, लगेच पेढे वाटले. शिवलिंग गावी आला, तर जो तो त्याला 'बीए अण्णा' म्हणायलेला. मला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "नापास झालो तर तोंड कुठं लपवू?"

"झग्यात लपीव की. लई ढगळ हाय."

भीतीनं असा अभ्यासाला बसला की पहिल्याच फटक्यात पास. निकाल कळताच पळत घरी आला, अप्पांच्या पाया पडला.

अप्पा शांतपणे म्हणाले, "एकदा पास झालतास की. परत परीक्षा कामून दिलास?"