रशियाचा चंद्र पडत का नाही

दाखवायच्या कार्यक्रमांचे किस्से निघालेच आहेत, तर माझाही ऐका. रशियानं आकाशात उपग्रह सोडला, त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. आम्ही तेव्हा कलकत्त्यात होतो. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे अधिकारी होते आणि मी कॉलेजात फिजिक्स शिकत होते. आईनं बजावलं होतं, "विचारतील तेवढंच बोल."

पोहे झाले. मुलाचे वडील समोरच्या वर्तमानपत्रातल्या उपग्रहाच्या बातमीवर बोट आपटून बाबांना म्हणाले, "हे सगळं थोतांड आहे हो! वर फेकलेली वस्तू खाली पडल्याशिवाय राहील का?"

मला राहवेना.

"तो पडतोच आहे," मी म्हटलं. "पण पुढे इतक्या वेगानं जातोय, की तो जेवढा खाली येतो, तेवढीच गोल पृथ्वीही त्याच्याखाली वाकत खाली जाते. म्हणून जमीन काही लागत नाही."

मुलाचे वडील बाबांना म्हणाले, "मुलगी जरा जास्तच बोलते."

मला वाटलं, आता बाबा त्यांची माफी मागणार. ते ताठ बसले आणि म्हणाले, "अजून पुष्कळ बोलेल. दुसरा प्रश्न विचारा की!"

पाहुणे उठलेच. स्थळ गेलं म्हणून आई माझ्याशी बोलेना. बाबा मात्र संध्याकाळी जिन्यात भेटेल त्या बंगाली शेजाऱ्याला थांबवून उपग्रह पडतोय पण पडत नाही, हे आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत ऐकवत होते, "पोडछे, किंतु पोडछे ना! माझी मुलगी बोलेछे!"