थांबवलं कुणी?

सहदेव : नका लावू परत. अप्पा, बंद करा ते. मला नाय बगायचं.

अप्पा : अरे, एकदाच. व्हिडिओचा शेवटचा भाग सावकाश लावतो. मला ती रॉकेटखालची ज्वाळा नीट बघायची आहे.

सहदेव : काय बगनार तिच्यात? माडाएवडं वर गेलं. उभं व्हतं की नीट, जरा म्हनून हाललं नाय. आन मदीच कुनीतरी खाली उतरवलं. आपटलं, पाय मोडला, आडवं पडलं. तीन वर्सं राबली व्हती ती पोरं!

अप्पा : खुर्च्या आपटू नकोस. वाचनालयाच्या आहेत, उद्या मला बोलणी खावी लागतील.

सहदेव : शेलूपास्नं मानसं बोलावली मी. आपल्या हिरूनं रिक्षा लावली बाजूला, दुपारचा धंदा सोडून आला. का, तं सहदेवच्या पोरीच्या कंपनीचं रॉकेट उडनार. पेढ्यांचा बॉक्स उघडला नाय तवर सगळं संपलं.

अप्पा : मी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं. हे अवकाशात जाणारं रॉकेट नव्हे, नमुना आहे. थोडं वर जायचं, जरा तरंगायचं आणि पायांवर परत उतरायचं. पहिलीच उडी होती रे.

सहदेव : तेवडं तरी करू द्यायचं ना त्याला! तुमीच सांगितलंत मराठीत, ती पडद्यावरची बाई इंग्रजीत काय म्हनाली ते. मशीन आपोआप थांबलं नाय, मानसानं बटन दाबून थांबवलं. बिघडलं असतं ना, मी एक शब्द बोललो नसतो. चांगलं चाललेलं थांबवलं!

अप्पा : बोलला नसतास म्हणे. भर हॉलात उभा राहून शिव्या घातल्यास. बायकामुलं बसली होती पुढे.

सहदेव : घातल्या. घालनारच. इतकी वर्सं तुमच्याबरोबर ताऱ्यांपायी दुर्बिनी खांद्यावर घेऊन डोंगर चढलो, ते असलं बगायला? कसली भागूबाई बसवली व्हती तिथं कोन जाने.

अप्पा : फोन वाजतोय तुझा. प्राची असेल.

(सहदेव फोन स्पीकरवर टाकतो.)

प्राची : बाबा…

सहदेव : बोल गं बाय. आवाज असा का? रडलीस ना? रडू नको. तुजी काय चूक हाय त्यात? तो बटनावर जो कोन शाना बसवला व्हता ना…

प्राची : बाबा, ऐका ना.

सहदेव : तू ऐक. उद्या तुमच्या साहेबाला माजं नाव घेऊन सांग. म्हनावं, असल्या मानसाला घरी बसवा. धीर नाय त्यानं असल्या कामात येऊ नये. दुसऱ्यांच्या मेहनतीची माती केली त्यानं.

अप्पा : सहदेव, तिला बोलू दे.

सहदेव : बोलतेय की ती. माज्या हातात असतं ना, तं त्या अर्धवटाला…

अप्पा : सहदेव! गप्प बस जरा. प्राची, मी अप्पासर बोलतोय. तू आज कुठे बसली होतीस गं?

प्राची : त्याच खुर्चीवर, सर.

सहदेव : कुटल्या?

प्राची : बटण मी दाबलं, बाबा.

अप्पा : हॅलो? प्राची, आहेस ना?

प्राची : आहे.

सहदेव : तू तं इंजिनाच्या नळ्या बगतेस ना?

प्राची : गेल्या महिन्यापासून तिकडे बसवलंय. मुद्दामच घरी सांगितलं नव्हतं. म्हटलं, नीट उतरलं की सांगेन. आईला आधी सांगणार होते.

सहदेव : बाय… मला काय म्हाईत…

प्राची : असू दे. तुम्ही एकटे नाही म्हणत तसं. इथे पण तेच चाललंय. स्वराज, ज्यानं ते पाय बनवले, तो माझ्याशी बोलतच नाहीये. एवढंच म्हणाला, "अजून थोडं थांबली असतीस तर काय झालं असतं?" बाहेर नेटवर लोकांनी तर काय काय लिहिलंय. तेवढं वाचू नका.

अप्पा : तुला काय दिसलं, ते सांग मला. सावकाश सांग.

प्राची : पंपाचं तापमान, सर. माझ्यासमोर त्याची रेघ असते. ती सरळ चालली होती आणि एकदम चढायला लागली. कॉम्प्युटरची मर्यादा वर आहे, तिथपर्यंत ती पोचली नव्हती, म्हणून तो गप्प. पण सकाळच्या चाचणीत मी ती अशी चढलेली पाहिली नव्हती. पलीकडच्या शेडमध्ये आमच्या टीमची मुलं होती, आगीच्या बंबावरची माणसं होती. पंप फुटला असता तर… मी दाबलं.

अप्पा : मग बरोबरच केलंस की!

प्राची : माहीत नाही ना, सर! तेच तर. काही जण म्हणतात, नुसती वायर सैल असेल, रेघ खोटी असेल. आता पंप चेपलाय, वायर तुटलीय. थांबवलं म्हणून काही झालं नाही, की होणारच नव्हतं? हे आता कधीच कळणार नाही. कुणालाच नाही. आयुष्यभर नाही कळणार.

अप्पा : सहदेव, खुर्ची ओढ, बस इथे.

प्राची : आणि आमचे साहेब चांगले आहेत, ते म्हणतात, आपण लिहून टाकू की कॉम्प्युटरनंच थांबवलं, घाईत चुकीचं सांगितलं गेलं. तुझं नाव कुठे यायला नको. उद्या सकाळी मीटिंग आहे, तिथे मी फक्त हो म्हणायचं. मी हो म्हणणार आहे. आणि ती खुर्ची नको म्हणून सांगणार आहे. बाबा, मला नाय जमत आता. मला घरी यायचंय.

सहदेव : ये की. घर तुजंच हाय.

अप्पा : एवढंच?

सहदेव : थांबा हो. मघाशी मी जे बोललो ते माज्या तोंडातनं कसं गेलं, तेच मला कळंना झालंय. मी! सगळी नोकरी रेल्वेची गाडी घेऊन घाट उतरन्यात गेली माजी.

प्राची : बाबा, नको आता ते.

सहदेव : नाय, ऐक. लोनावळ्यास्नं कर्जतला गाडी उतरवायची म्हंजे ठरल्या जागी ती उभी करायचीच. ब्रेक चांगला असू दे, वारा पडलेला असू दे, काय बी असू दे. पुढचा पाइंट, म्हंजे रूळ बदलायचा सांधा, खालच्या वाटंला आधी लावलेलाच नसतो. तो असतो डोंगरावर चढनाऱ्या आंधळ्या रुळाकडं. गाडी पूर्न उभी ऱ्हायली तरच खालची वाट मिळते. सुटली असंल तं जाती त्या चढावर आन तिथंच मरते.

प्राची : माहितीये. लहानपणी दाखवलं होतंत तुम्ही.

सहदेव : रूळ दाखवला व्हता. शिव्या ऐकवल्या नव्हत्या. डब्यातनं पोरं वरडायची, "काय डायवर, झोप लागली का?" लोकांची घाई असायची, कुनाची परीक्षा, कुनाचं मैत. आन मी उभी करायचो, चांगली चालती गाडी. त्यातली कुटली खरंच सुटनार व्हती, ते मला आजपातुर कळलं नाय. एकीचंबी नाय कळलं. कळायचंच नाय. मी रिटायर झालो तवा साहेबानं भाषन केलं, की सहदेवच्या हातनं काय घडलं नाय. काय घडलं नाय, हेच माजं काम.

प्राची : पण बाबा, तुमची गाडी परत सुरू व्हायची. आमचं आडवं पडलंय. मोडलंय ते.

सहदेव : व्हय. ते खरं हाय.

अप्पा : मोडलेलं पुन्हा बांधतात, पोरी.

प्राची : बोलायला सोपं आहे, सर. स्वराजनं तीन वर्षं…

अप्पा : हो. चुकलो. सोपं नाहीये.

सहदेव : मी एक इचारतो. घाबरून दाबलंस का बगून दाबलंस?

प्राची : बघून. … आणि घाबरून पण. दोन्ही.

सहदेव : मंग तू त्या खुर्चीवरच पायजेस. घाबरत नाय त्याला मी माज्या इंजिनात उभा केला नसता.

प्राची : मघाशी तर म्हणालात, धीर नाही त्यानं असल्या कामात येऊ नये.

सहदेव : म्हनालो. मघाशी मी डब्यातला पासिंजर व्हतो गं. खिडकीतनं शिव्या घालनारा. त्या पोरांवर मी सगळी नोकरी चिडत आलो, आन आज मीच तसा निघालो. लाज वाटते मला. बाय, माजं चुकलं.

प्राची : रडू नका ना.

सहदेव : मी कुटं रडतोय.

अप्पा : रडतोय. मी बघतोय इथून. प्राची, ते नावाचं बोललीस ना. कॉम्प्युटरनं थांबवलं असं लिहिलं, तर पुढे काय होईल?

प्राची : काही नाही होणार. सगळे खूश राहतील. स्वराज माझ्याशी बोलेल.

अप्पा : आणि पुढच्या उडीला?

प्राची : पुढच्या उडीला… म्हणतील, कॉम्प्युटर पकडतो की सगळं. मर्यादा आहे तिथेच ठेवतील. ती खुर्ची कदाचित काढूनच टाकतील.

अप्पा : कॉम्प्युटरला त्या रेघेत काही वावगं दिसलं होतं?

प्राची : नाही, सर. त्याला काहीच दिसलं नव्हतं.

अप्पा : मी पुढे काही म्हणत नाही. तुझं तू ठरव.

सहदेव : आन काय बी ठरव. नाव नको असंल तं नको. आमी तुला कमी समजनार नाय. हो म्हनून ये, आई घावनं घालंल, दोन दिवस झोप नुसती.

प्राची : बाबा, तुम्ही असं बोललात की जास्त कठीण होतं.

सहदेव : मंग कसं बोलू? मला बापासारखंच बोलता येतं.

प्राची : … मी सांगते उद्या. मीच थांबवलं म्हणून. मर्यादा खाली आणा म्हणून पण सांगते. मग काढू दे मला काढायचं तर.

अप्पा : नीट विचार केलास?

प्राची : नाही. आता जर विचार करत बसले तर सकाळी हो म्हणून मोकळी होईन. सर, स्वराजला काय सांगू?

अप्पा : काही सांगू नकोस. त्याच्या शेजारी जाऊन बस. तो उठून गेला तर उद्या परत बस.

प्राची : बरं. ठेवते. बाबा, पेढे राहिले असतील ना? आईसाठी घरी न्या.

सहदेव : नेतो. पन बाय, एक इचारू? नाव तू उद्या सांगनार. ते उद्याचं आज कुनाला सांगितलं तं चालंल का?

प्राची : कुणाला सांगायचंय?

सहदेव : मघाशी हॉलात मी भर सभेत शिव्या घातल्या. सगळी मानसं तेच ऐकून घरी गेली. दामत, शेलू, वंजारपाड्यापातुर गेली.

प्राची : मग आता दारोदार जाणार? बाबा, लोक हसतील.

सहदेव : हसू देत.

प्राची : … सांगा.

अप्पा : अरे, ठेवला तिनं फोन. पेढ्यांचा बॉक्स घेऊन निघालास कुठे? खुर्च्या लावायच्यात अजून.

सहदेव : तुमी लावा, अप्पा. हिरू स्टँडावर असंल अजून. त्याच्यापास्नं सुरू करतो. म्हनतो, पेढा घे, माज्या पोरीनं थांबवलं.