सँग्रो नदीपर्यंत न पोचलेलं भाषण

सुमनकाकू, रेवा, आणि इतक्या बर्फात गाड्या काढून आलेल्या सगळ्या मंडळींनो,

आज शंकरकाकांच्या शोकसभेत बोलायचं नाही असं मी ठरवून आले होते. प्रकाशने, म्हणजे आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी, दोनदा फोन केला आणि मी दोनदा नाही म्हटलं. मग गेला तासभर मागच्या खुर्चीवर बसून तुमचं बोलणं ऐकलं. शंकरकाका किती प्रेमळ. शंकरकाका किती साधे. शंकरकाका आपल्या मंडळाचे आधारस्तंभ. ऐकता ऐकता माझं डोकं तापलं, म्हणून इथे येऊन उभी राहिले आहे. काकू, माझा आवाज चढला तर तुमची माफी आधीच मागते. बाकीच्यांची मागणार नाही.

नवीन लोकांसाठी सांगते, मी नीला. या मंडळाची सेक्रेटरी. शंकरकाकांनी आपल्यासमोर बोलायला सुरुवात केली त्याच्या आधीपासून गणपतीच्या कार्यक्रमाची यादी मीच करते. कोण कधी स्टेजवर जाणार, किती मिनिटं बोलणार, हे मी ठरवते. हे लक्षात ठेवून ऐका, कारण आज मी सगळ्यात जास्त चिडले आहे ती माझ्यावर.

आपल्या कार्यक्रमात जेवणाच्या आधी 'ज्येष्ठांचं मनोगत' असतं. पाच मिनिटं. ती पाच मिनिटं आपण कुठे ठेवतो? पुऱ्या तळून झाल्यावर. मुलं भुकेने किरकिरायला लागल्यावर. सतरा वर्षं ती पाच मिनिटं शंकरकाकांनी मागून घेतली. दुसरं कुणी मागतही नव्हतं. विषय दर वर्षी तोच: 'दुसरं महायुद्ध: निर्णायक टप्पे.' मी तो यादीत टाइप करायची आणि हसायची.

काका पुलांचे इंजिनिअर. इलिनॉयमधल्या कितीतरी पुलांखाली हेल्मेट घालून उभा राहिलेला माणूस. भाषणसुद्धा तसंच करायचे, पायापासून. एकोणीसशे एकोणचाळीस, सप्टेंबर, पोलंड. मग डंकर्क. मग आफ्रिकेतलं केरेन, तिथल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर गोळ्या झेलत चढलेले आपले मराठे. आणि मग घंटा. चौथ्या मिनिटाला मी एकदा वाजवायची, पाचव्या मिनिटाला पुन्हा. आरतीची छोटी घंटा आहे ना आपली, तीच. काका थांबायचे. कधी कधी वाक्याच्या मधेच थांबायचे. कार्डं खिशात ठेवायचे, धन्यवाद म्हणायचे आणि खाली उतरायचे. टाळ्या कडाडून पडायच्या. कशासाठी पडायच्या, मंडळी? भाषण संपलं म्हणून.

एका वर्षी ते अल अलामीनपर्यंत पोचले. एका वर्षी डान्सची म्युझिक फाइल लागेना, तेव्हा दोन मिनिटं जास्त मिळाली आणि काका स्टॅलिनग्राडला पोचले. प्रकाश, माइक घेऊन तू काय म्हणालास ते आठवतंय? "काका, पुढच्या वर्षी नॉर्मंडी नक्की." सगळा हॉल हसला. मी हसले. काकाही हसले. मग जेवण झाल्यावर, पाठ दुखत असताना, शेवटपर्यंत थांबून त्यांनी आपल्या खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या.

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, काका, सरळ मेन पॉइंटपासून सुरू करा ना, मागचं सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, माहीत आहे? मग विचार कुणालाही, केरेन कुठे आहे. आपल्याकडची पंचवीस लाख माणसं त्या युद्धात होती, आणि माझ्या नातवाच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ नाही. तो मला म्हणतो, "आजोबा, वी वेअरन्ट इन दॅट वॉर." मग मागचं सांगायला नको? यावर मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, हो काका, पण पाच मिनिटांत बसवा.

आता माझा राग कशाचा आहे ते सांगते.

गेल्या रविवारी मी काकूंकडे डबा घेऊन गेले. रेवा ॲन आर्बरहून आलेली होती आणि बाबांच्या टेबलाचा खण आवरत होती. तिने रबर लावलेला कार्डांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला. म्हणाली, "मावशी, बाबांच्या स्पीचेस. मंडळाला हव्यात का? आय थॉट इट वॉज जस्ट हिज हॉबी." पोरी, तुझी काही चूक नाही. तुला कुणी सांगितलंच नाही. आम्ही सांगू दिलं नाही.

मी तिथेच सोफ्यावर बसून ती कार्डं वाचली. पोलंडच्या कार्डाचे कोपरे बोटांनी मळून मऊ झालेले. डंकर्कचं तसंच. पुढे पुढे कार्डं स्वच्छ होत जातात. आणि शेवटची चार कोरी करकरीत. ती काकांना स्टेजवर कधी हातात घ्यायलाच मिळाली नव्हती. त्या चारांवर लिहिलं आहे: इटली. नोव्हेंबर एकोणीसशे त्रेचाळीस. सँग्रो नदी.

त्या नदीच्या पलीकडच्या टेकड्यांवर जर्मन फौज मोर्चे बांधून बसली होती. पावसाने नदीला पूर आलेला. आपल्या बाजूच्या सैन्याने घातलेले पूल वाहून गेले. काही माणसं नदी ओलांडून पलीकडे गेली होती आणि त्यांच्याकडे गोळ्या संपत आल्या होत्या. त्या गोळ्या पोचवायला मराठा पलटणीतले काही शिपाई कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले. पुढचं काका लिहितात ते तसंच वाचून दाखवते: "त्यांत माझे वडील होते. ते परत आले नाहीत. तार आली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. म्हणून मी पूल बांधायला शिकलो."

ऐकलंत? सतरा वर्षं हा माणूस आपल्यासमोर उभा राहून स्वतःच्या वडिलांपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होता, आणि आपण त्याला पोलंडहून डंकर्कला नेऊन जेवायला बसवत होतो. त्या नदीत ते शिपाई का होते, कुणाच्या युद्धात, कुणाच्या हुकमावरून, हे आधी सांगितल्याशिवाय ते गेले एवढंच कसं सांगायचं, असं त्यांना वाटत असेल. इंजिनिअर माणूस. पाया घातल्याशिवाय वर काही चढवणार नाही. आणि मी खाली घंटा घेऊन बसलेली.

अजून एक गोष्ट आहे. ती फक्त मला माहीत आहे, आणि मला ती लपवता आली असती. गठ्ठ्याच्या अगदी तळाशी वेगळं एक कार्ड होतं, गेल्या गणपतीसाठी लिहिलेलं. त्यावर पोलंड नाही, डंकर्क नाही. पहिलीच ओळ: "आज मी माझ्या वडिलांबद्दल बोलणार आहे." पाया सोडून दिला त्यांनी. माझं ऐकलं. सरळ मेन पॉइंट.

आणि गेल्या गणपतीला काय झालं? कार्यक्रम उशिरा सुरू झाला. फॅशन शो लांबला. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, काका, सॉरी, या वर्षी तुमचं मनोगत कॅन्सल करावं लागतंय. त्यांचा हात शर्टाच्या खिशावर होता. ते म्हणाले, "चालेल, चालेल. मुलांचं होऊ दे आधी." मी थँक यू म्हणून पळाले. त्या खिशात काय होतं ते मला गेल्या रविवारी कळलं.

मला कुणी समजूत घालायला येऊ नका. तुला काय माहीत होतं, असं म्हणू नका. विचारलं असतं तर कळलं असतं. सतरा वर्षांत एकदा तरी, श्रीखंडाची वाटी हातात घेऊन का होईना, काका, तुम्हाला या युद्धात एवढं काय आहे, असं आपल्यातल्या एकाने तरी विचारलं? इथे डॉक्टर आहेत, प्रोफेसर आहेत. दिवसभर लोकांना प्रश्न विचारणं हाच ज्यांचा धंदा आहे अशी माणसं आहेत. कुणी नाही विचारलं. आणि आज सगळ्यांना काका किती मोठे होते ते आठवतंय.

त्या कार्डावर खाली अजून थोडं लिहिलेलं आहे. साताऱ्याकडे त्यांचं गाव. आईने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नाही, तशी रीतच होती. नवरा गेल्यावरही नाही. गावातले लोक 'शंकऱ्याचा बाप' म्हणायचे. शाळेत मास्तर हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यायचे, तेवढंच काय ते वडिलांचं नाव या मुलाने कानांनी ऐकलं. मग ते अमेरिकेत आले, आणि इथे आपल्या सगळ्यांच्या वडिलांचं होतं तेच झालं. नाव गेलं, अक्षर उरलं. आपल्या डिरेक्टरीत काय छापलंय? शंकर वाय. निकम. आज माझ्या मागे फोटोखाली काय लिहिलंय? वळून बघायला नको, मी वाचूनच आले आहे. शंकर वाय. निकम. तेही मीच टाइप केलं.

कार्डाची शेवटची ओळ अशी आहे: "मला काही नको. चार मराठी माणसांत त्यांचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं आहे."

तिकडे इटलीत नदीच्या काठी, ज्यांना अग्नी दिला गेला त्या आपल्या शिपायांची नावं दगडावर कोरलेली आहेत. त्यांच्यासाठी कुठे कुणी अशी सभा घेतली असेल? कुणी बर्फातून गाडी काढून आलं असेल?

प्रकाश, यादीत आता काकांसाठी दोन मिनिटं मौन आहे आणि मग चहा. चहा थांबेल. आणि मौनही काकांसाठी नको. आपण गप्प बसावं असं त्यांनी आपल्याकडे कधी मागितलं नव्हतं. त्यांनी जे मागितलं ते आता द्या. सगळे उभे राहा. काकू, तुम्ही बसा, गुडघ्याला त्रास नको. आधी मी नाव घेते, मग तुम्ही सगळ्यांनी घ्या, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. त्यानंतर हवं तेवढं गप्प राहू.

शिपाई यशवंत रामजी निकम.