सात भावंडं, पाच हजार चाळीस फोटो

...आणि वर मलाच म्हणतात, "नईमभाई, तुमाला साधं एका ओळीत उभं करता येत न्हाय!" अवो, साधं? तुमाला सांगतो, पंचवीस वर्षं सोलापुरात लग्नाचे फोटो काढतोय, रुसलेला नवरदेव हसवलाय, पण म्हाळसाबाईंची सात लेकरं एका ओळीत उभारायची म्हणजे... पाच हजार चाळीस!

आता हा आकडा माझा न्हाय. मी दहावीला गणितासाठी तीनदा बसलेला माणूस. म्हातारी ब्याऐंशीची, नातीच्या लग्नात माझा हात धरून म्हणाली, "बाबा, माझी सातीच्या साती लेकरं एका फोटोत कदी आलीच न्हाईत. डोळं मिटायच्या आत बगू दे की." मी म्हटलं, "दोन मिनिटांत काढतो, आजी." तेव्हा माझी जीभ का न्हाय झडली?

थोरले महिपती छाती काढून मधी. लगेच त्यांची बहीण मथुराबाई, "ह्येच्या शेजारी मी? गेल्या लग्नात माझ्या मालकाला फेटा न्हाय बांधला ह्येनं!" धाकट्याला कडंला उभारायचं न्हाय, टक्कल दिसतंय म्हणे! अरे, मधी उभारल्यावर काय केस उगवतात?

आणि चवथे शिवराज सर... गणिताचे मास्तर! ओळीतच बोटं मोजायला लागले. "पहिल्या जागी सातातला कुणीबी, दुसऱ्या जागी उरलेल्या सहातला, मग पाच, मग चार... गुणत चला! पाच हजार चाळीस प्रकारे उभारू शकतो आपण! काय संख्या हाय, नईमभाई! एकपासून दहापर्यंत कशानंबी भागा, बाकी शून्य!" मी म्हटलं, "सर, जरा इकडं बघून हसा." "एका फोटोला पाच सेकंद धरले, तर बरोब्बर सात तास!" तिकडं शेवटची पंगत बसली, बुंदी संपत आली, आणि हा माणूस खुशीत! पाच हजार चाळीस!

कसाबसा एक मारला. ऐन टायमाला मथुराबाईंनी तोंड फिरवलं. सर म्हणतात, "एक गेला, राहिले पाच हजार एकोणचाळीस. मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचाच भाग जात न्हाय तिला!"

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्याच घराण्यातली की!"

मथुराबाई तरातरा जेवायला गेल्या. सर ओरडले, "सहा उरले! आता फक्त सातशे वीस!" सहांचाच काढून मोकळं व्हावं, असा लई मोह झाला, खरं सांगतो... पण समोर खुर्चीत म्हातारी, डोळ्याला पदर लावून. वाईट वाटलं हो.

मग डोकं चालवलं. सातांना एकेकटं उभं करून काढलं, दुकानात कॉम्प्युटरवर जोडलं, कुणाशेजारी कोण हे कुणाला विचारलंच न्हाय! फ्रेम नेऊन म्हातारीच्या मांडीवर ठेवली. तिनं बोट फिरवत मोजली. सात! रडली बिचारी, मीबी रडलो. मग हळूच म्हणते, "समदी हायती रं... पर मी कुटं हाय?"

मी म्हटलं, "त्यात काय, आजी, तुमालाबी बसवतो!" झालं! मागनं महिपती, "आई माझ्याशेजारी!" दारातनं मथुराबाई, "कशी बसती बगते की!" आणि शिवराज सर चष्मा पुसत, "वा! आठ जण! चाळीस हजार तीनशे वीस!"

...काय करता? जोडतोय. परवापासनं बसलोय. आज सतरावा फोटो चाललाय.