भिंतीवरचा दत्त

मंडळी, देवाचा अपमान करतो कोण? बोला! — उत्तर जिभेवर तयार आहे तुमच्या, ठाऊक आहे मला. प्रभाकरराव निफाड्यांच्याही जिभेवर तयार होतं!

ऐका. त्यांच्या शहरात एक कलाप्रदर्शन लागलं. नव्या तऱ्हेचं! पहिल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत खुलं! आणि भिंतीवर काय? देव! तडकलेल्या तसबिरी, हात तुटलेल्या मूर्ती — शेकड्यानं! प्रभाकररावांच्या कानावर गेलं आणि माणूस पेटला. "आमचे देव तमाशाला मांडलेत? आत्ता सोडवून आणतो!"

म्हातारी आई म्हणाली, "मीही येते रे. देवाला पदरात घ्यायला बाईमाणूस हवं."

गेले. आत मंद दिवे, लोक हातात सरबताचे पेले घेऊन कुजबुजताहेत. अहो, माझ्या कीर्तनात इतकं हळू बोलत नाही हो कुणी! प्रभाकरराव गरजले, "कुणी मांडला हा बाजार?"

एक मुलगी पुढं आली. मृण्मयी तिचं नाव. "मी मांडलंय, काका."

"लाज नाही वाटत? कुठून चोरलेस?"

"चोरले नाहीत. नदीकाठच्या वडाखाली पडले होते. कुत्री हुंगत होती. मी उचलले, पुसले."

"खोटं! असा कोण चांडाळ आपले देव कुत्र्यांपुढं टाकील?"

आणि मागून आईचा आवाज — "प्रभाकरा, हा माझा दत्त रे."

कशी ओळखणार नाही? चौकटीला लग्नातल्या खणाची झालर तिनंच शिवलेली! आणि या लेकानं सांगितलं काय होतं? "नव्या घरात ही तसबीर बरी दिसत नाही, आई. गुरुजींकडून मंत्र म्हणून विसर्जन केलं." मंत्र! गाडी चालूच ठेवली, दत्त झाडाला टेकवला, आणि पठ्ठ्या पसार!

आता हळूच म्हणतो, "चल आई, घरी नेऊ याला."

"नको!" म्हातारी कडाडली. "इथं निदान कुणी पुसतं त्याला. बरा दिसला नाही म्हणून काढलास ना घरातून? मग सांग, मी बरी दिसते का रे तिथं?"



माना का खाली गेल्या, मंडळी? आपल्याही पारावर जाऊन बघा! तिथले देव काय नास्तिकांनी टाकले? अहो, त्यांच्या घरात देव असतो कुठं टाकायला! आपण टाकले — हळदकुंकू लावून, हात जोडून, कुणी बघत नाही ना ते बघून!

उठा! आधी ते उचलून आणा. मग उभे राहा माझ्या आरतीला!