चेटकिणीची मोकळी वाट

अपेक्षा : तीनदा मेली, मावशी! तिन्ही वेळा चहा व्हायच्या आत!

सारजाबाई : कोन मेली गं? हळू बोल, दूध उतू जाईल.

अपेक्षा : माझी चेटकीण. आमच्या खेळात, कागदावरच्या किल्ल्यातली. तिची चाल मी खेळते आणि तुषार, अमृत, कोमल हे तिघं फासे टाकून तिला मारायला येतात. एवढे मंत्र येतात तिला, तरी तुमचा भाचा तुषार दोन डावांत तिला आडवी करतो. दर वेळी मी तिला परत जिवंत करते, आता कुणी ऐकून घेत नाही. पुन्हा मेली तर खेळ बंद, म्हणालेत. दोन वर्षं दर रविवारी जमतोय आम्ही तुमच्या या बंगल्यावर. खेळ गेला की कोण कशाला येतंय मळवलीला!

सारजाबाई : मग ती करती काय?

अपेक्षा : दारात उभी राहते आणि आग फेकते.

सारजाबाई : येवढी मंतरवाली, आन दारात? ज्याच्या हाताखाली चार गडी हायेत, त्यो सोता बांधावर भांडाया जातो व्हय?

अपेक्षा : म्हणजे... दारात नुसती तिची सावली! ती वर सज्जात! अय्या मावशी! आणि सगळी दारं मंत्रानं बंद!

सारजाबाई : समदी नगं. कोंडलेलं जनावर अंगावर येतं. माजा बा पूर्वी डुकराचा हाका करायचा. तीन अंगांनी मानसं वरडत यायची, चौथं अंग मोकळं. वाघूर तितं.

अपेक्षा : वाघूर म्हणजे जाळं ना? काटा आला बघा अंगावर! नदीकडचं दार उघडं ठेवते!

सारजाबाई : पर ही गोष्ट तुषारनं माज्याच मांडीवर ऐकलीया. त्यो वळखनार.

अपेक्षा : झालं! मेलीच म्हणायची.

सारजाबाई : मरतीया कशाला? जुनं डुक्कर बी वळखायचं. थांबायचं मग करवंदीच्या आडोशाला. बा दुसरी वाघूर तितं लावायचा.

(चहा झाला. सगळे पुन्हा फाशांभोवती बसलेत. सारजाबाई कप उचलायच्या निमित्तानं तिथंच.)

तुषार : सावली होती? मी सावलीवर तलवार घातली? बरं! तीन दारांत आग, नदीकडचं उघडं... अमृत, पळू नको! कोमल, थांब! ही आमच्या आज्याची वाघूर आहे. मी नाही फसत! आम्ही तिघं त्या मोठ्या खांबाआड थांबतो.

अपेक्षा : नक्की?

तुषार : शंभर टक्के.

अपेक्षा : खांबाआड. तिघंही. बरं... पायाखालची फरशी गार लागतेय. तिच्यावर दगड करायचा मंत्र लिहिलाय.

तुषार : नाही! आत्या! तू सांगितलंस हिला!

सारजाबाई : म्या च्या दिला फकस्त.

तुषार : तिघांचे दगड! काय अडकवलंय राव! अमृत, हसतोस काय? अपेक्षा, पुढच्या रविवारी सकाळी लवकर जमायचं. तुझ्या चेटकिणीला सोडायचं नाही आता!

अपेक्षा : येणार? तिघंही?

तुषार : दगड झालोय. जाणार कुठं?

सारजाबाई : मग पुढल्या रविवारी च्या तुषारनं करायचा. मी हितं बसनार.